डब्याचे पैसे कुणाच्या खात्यावर?

हिशेबाची वही



२८ सप्टेंबर २०२५ चा रविवार होता. विहारात वंदना आटोपली होती. धम्मचक्र प्रवर्तन दिन चार दिवसांवर आलेला, नागपूरला जाणाऱ्या गाडीची वर्गणी लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. गर्दी ओसरल्यावर आमच्या वसाहतीतील एक ताई पुढे आल्या. वर्गणी दिली, पावती घेतली, पण जागच्या हलेनात.

"भाऊ, तुम्ही लोकांचे टॅक्सचे कागद बघता म्हणून विचारते. लेक तिकडं इंग्लंडला डबे देते. कुणी म्हणतं एवढ्याशा पैशाला कोण विचारतंय. कुणी म्हणतं सापडलात तर जावयासकट परत पाठवतील. मला तर रात्रीची झोप नाही."

त्यांची मुलगी बर्मिंगहॅमजवळ वुल्व्हरहॅम्प्टन येथे असते. जावई नर्सिंग शिकलेला, तिथल्या एका रुग्णालयात नोकरीला. मुलगी घरी, लहान मूल सांभाळून. त्या गावात पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी बांधवांनी उभारलेला बुद्धविहार आहे. तिथे ओळखी झाल्या, कुणी तिच्या हातचे पिठले-भाकरी खाल्ले, आणि ऑगस्ट २०२४ पासून ती आठवड्याचे पाच दिवस नऊ डबे देऊ लागली. एक डबा सहा पौंडाला. माणशी आठवड्याचे तीस पौंड. हे पैसे येत होते जावयाच्या बँक खात्यावर, कारण मुलीचे तिथे स्वतःचे खातेच नव्हते.

मी कारकून माणूस. माझे ज्ञान इकडच्या आयकराचे. तरी त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री तिथल्या सरकारचे छापील नियम वाचून काढले, मुलीशी फोनवर बोललो. जे समजले ते इथे लिहितो, कारण आज आपल्या समाजातील मुले-मुली शिष्यवृत्तीवर, नोकरीवर, लग्न होऊन परदेशी जात आहेत, आणि इथे चाळीत बसलेल्या आई-बापांना कुणी काही सांगत नाही.

सर्वप्रथम एक गोष्ट. आपल्या देशात माणसाने डबे देण्याचा, शिवणकामाचा, शिकवणीचा धंदा सुरू केला तर त्याला 'तू धंदा करू शकतोस का' असे कुणी विचारत नाही. परक्या देशात तोच प्रश्न पहिला असतो. आणि त्याचे उत्तर एकाच घरातील दोन माणसांसाठी वेगळे असू शकते. या जोडप्याचेच पाहा. जावई 'स्किल्ड वर्कर' वर्गातील व्हिसावर आहे. ज्या मालकाने बोलावले, त्याच्या नोकरीशी तो बांधलेला. बाहेरचे काम करायचे तर त्याला मोजक्या आणि कडक अटी आहेत. मुलगी मात्र त्याची 'डिपेंडंट', म्हणजे अवलंबून. शब्द ऐकून वाटावे की हिला काहीच करता येणार नाही. प्रत्यक्षात उलट आहे. नोकरदाराच्या अशा जोडीदाराला नोकरी करता येते आणि स्वतःचा धंदाही करता येतो. मनाई आहे ती व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्याची. आता आपल्या ताईंची लेक काही क्रिकेट खेळायला गेलेली नाही.

म्हणजे डबे देणे मुलीला कायदेशीर. परंतु पैसे जमा होत होते ज्याला मोकळीक नाही त्याच्या खात्यावर! उद्या जावयाने कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला, खात्याचा उतारा मागितला गेला, आणि दर आठवड्याला आठ-नऊ माणसांकडून तीस-तीस पौंड आलेले दिसले, तर अधिकारी काय समजेल? की हा गृहस्थ नोकरीबाहेर छुपा धंदा करतो. निर्दोष माणूस कागदावर दोषी ठरण्याची ही सर्वात सोपी रीत आहे. मी मुलीला म्हटले, "बेटा, आधी तुझ्या नावाचे खाते उघड. बाकी सगळे नंतर."

त्याच रविवारी आमचे बोलणे ऐकत आणखी एक माउली उभ्या होत्या. त्यांचा मुलगा तिकडे शिकायला गेलेला. कुणा ओळखीच्याने त्याला सुचविले होते की माझ्या नावाच्या खात्यावर तू सायकलीने जेवणाची पार्सले पोहोचव, पैसे अर्धे-अर्धे. मी त्यांना स्पष्ट सांगितले की विद्यार्थी व्हिसावर पदवीचा अभ्यास करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा शून्य तास. पार्सले पोहोचविणारा पोऱ्या तिथे बहुधा कुणाचा नोकर नसतो, कायद्याने तो स्वतंत्र धंदेवाला धरला जातो. त्यामुळे एक तास केले तरी नियमभंग. त्यात खाते दुसऱ्याचे, म्हणजे कमाई दुसऱ्याच्या नावावर आणि घाम याचा. शिक्षण पूर्ण झाल्यावर 'ग्रॅज्युएट' व्हिसा मिळतो, त्यावर स्वतःचा धंदा चालतो. पदवी आणि एम.ए.-एम.एस्सी. झालेल्यांना हा व्हिसा दोन वर्षांचा असे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो दीड वर्षाचाच. तोवर दुकानात, उपाहारगृहात पगाराची चिठ्ठी मिळेल असे काम धरावे. माउली "बरं" म्हणून निघून गेल्या. मुलाने पुढे काय केले ते मला कळलेले नाही.

आता कराकडे वळू. इंग्लंडचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि ५ एप्रिलला संपते. ही काय तऱ्हा, असे मलाही वाटले. त्यांचे जुने वर्ष २५ मार्चपासून धरत. १७५२ साली पंचांग सुधारताना त्यांनी अकरा दिवस गाळले, आणि करवसुलीचे वर्ष तेवढे पुढे सरकत सरकत ६ एप्रिलवर येऊन थांबले. अडीचशे वर्षे झाली, अजून कुणी ते मागे आणलेले नाही. सरकारी खाती सगळीकडे सारखीच!

तर नियम असा. धंद्याची एकूण जमा वर्षाला १,००० पौंडांच्या आत असेल तर साधारणपणे कळविण्याची गरज नाही. त्याच्या वर गेली की वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत करखात्याकडे स्वतःची नोंद करावी लागते. इथे लक्षात घ्या, १,००० पौंड ही जमेची मर्यादा आहे, नफ्याची नव्हे. ताईंच्या लेकीची जमा केव्हाच त्यापलीकडे गेली होती. आणि मी हे वाचत होतो तेव्हा ५ ऑक्टोबर २०२५ ला एक आठवडाही उरला नव्हता.

मुलीने धीर सोडला नाही. जावयाच्या खात्याचा उतारा काढला, फोनवरचे गिऱ्हाइकांचे निरोप काढले, आणि दोन्ही ताडून ऑगस्ट २०२४ ते ५ एप्रिल २०२५ ची यादी केली. जमा ८,१३० पौंड. खर्च लिहिताना खरी अडचण आली. तांदळाची गोणी एकच, त्यातून घरचेही जेवतात आणि डबेही भरतात. घरचे जेवण धंद्याचा खर्च होत नाही. तिने दिवसाला किती वाट्या तांदूळ, किती पीठ डब्यांना जाते ते आठवडाभर मोजले आणि त्या प्रमाणात वाटणी केली. मला ते फार आवडले. बी.कॉम.ला कॉस्ट अकाउंटिंग शिकलो होतो, पण वाटीने मोजलेली कॉस्टिंग प्रथमच पाहिली. किराणा-भाजी ३,४२० पौंड निघाली. प्लॅस्टिकचे डबे-पिशव्या ३१०. बसभाडे २९०. घरातूनच धंदा करणाऱ्याला वीज-गॅसचा बारीक हिशेब करायचा नसेल तर तासांवरून ठोक रक्कम धरता येते. महिन्याला १०१ तास किंवा अधिक काम असेल तर २६ पौंड. आठ महिन्यांचे २०८. एकूण खर्च ४,२२८ पौंड आणि नफा ३,९०२.

तिथे १२,५७० पौंडांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर नाही. मुलीला दुसरे उत्पन्न नव्हते, तेव्हा कर शून्य. ताईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग भाऊ, एवढा खटाटोप कशाला? टॅक्सच नाही तर सांगायचं कशाला?"

हा प्रश्न मला इकडेही रोज ऐकू येतो. कर शून्य असणे वेगळे आणि कर शून्य आहे हे सरकारदरबारी लिहिलेले असणे वेगळे. नोंद झाल्यावर विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरावे लागते. चुकले तर एक पैसा कर देणे नसतानाही १०० पौंड दंड. तीन महिने उलटले तर पुढे रोज १० पौंड, ९० दिवसांपर्यंत. आणि दंडाहून मोठी गोष्ट निराळीच आहे. ती कळण्यासाठी २०१८ साली तिथे काय घडले ते सांगायला हवे.

इंग्लंडने पूर्वी शिकलेल्या परदेशी लोकांसाठी गुणांवर आधारलेला एक व्हिसा काढला होता, 'टियर वन जनरल' नावाचा. त्यात कमाईला गुण असत, आणि नोकरीबरोबर स्वतःच्या धंद्याची कमाईही धरली जाई. भारतातून, पाकिस्तानातून गेलेले इंजिनियर, डॉक्टर, शिक्षक असे अनेक जण त्यावर राहिले. पुढे त्यांनी कायमच्या वास्तव्याचे अर्ज केले तेव्हा गृहखात्याने करखात्याकडील आकडे मागवून शेजारी ठेवले. कित्येकांच्या बाबतीत दोन्ही आकडे जुळेनात. व्हिसाच्या अर्जात धंद्याची कमाई मोठी, करखात्यात लहान. काहींनी मुद्दामच तसे केले असेल. परंतु काहींच्या बाबतीत हिशेबनीसाची चूक होती, काहींनी चूक कळल्यावर स्वतः विवरण दुरुस्त करून कर भरलाही होता. गृहखात्याने मात्र नियमावलीतील ३२२(५) हा परिच्छेद काढला, ज्यात माणसाचे आचरण-चारित्र्य इष्ट नाही असे म्हणण्याची सोय आहे, आणि शेकडो अर्ज फेटाळले. दहा-दहा वर्षे त्या देशात राबलेली, मुले शाळेत जाणारी कुटुंबे. एका रात्रीत काम करण्याचा हक्क गेला, कपाळावर अप्रामाणिकपणाचा शिक्का बसला. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ठरविले की आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून माणसाला अप्रामाणिक ठरविता येत नाही. आधी संशय काय आहे ते त्याला सांगा, खुलासा करण्याची संधी द्या, मग निर्णय करा.

म्हणणे ऐकून न घेता शिक्षा, हे आपल्या लोकांना नवीन नाही. कोर्टाने दार उघडले हे चांगलेच झाले. पण उघड्या दारातून आत जायला हातात कागद लागतात. ज्यांच्याकडे वह्या, पावत्या, बँकेचे उतारे होते त्यांना खुलासा करता आला. बाकीच्यांनी काय दाखवावे?

परदेशी माणसाला तिथे सरकारच्या दोन खिडक्यांपुढे उभे राहावे लागते, एक कराची आणि एक व्हिसाची. आज ना उद्या दोन्ही खिडक्यांतले कारकून एकमेकांना विचारतात. दोन्हीकडे सांगितलेली गोष्ट एकच असली पाहिजे. म्हणून जावयाच्या खात्यावर आलेल्या वर्षभराच्या रकमा लपवायच्या नाहीत, तर त्या मुलीच्या धंद्याच्या जमेत तारीखवार लिहायच्या, आणि जावयाने एका कागदावर लिहून ठेवायचे की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या रकमा पत्नीच्या डब्यांच्या होत्या, खाते नसल्याने माझ्याकडे आल्या. हे कागद किती दिवस ठेवायचे? विवरण भरण्याच्या ३१ जानेवारीपासून पुढे पाच वर्षे. २०२४-२५ चे कागद ३१ जानेवारी २०३१ पर्यंत. मी तर म्हणेन, कायमचे वास्तव्य मिळेपर्यंत चिटोरेही टाकू नका.

बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? घटनेचे शिल्पकार सर्वांना ठाऊक. पण हुंडी, करार आणि भागीदारी यांचे कायदे फळ्यासमोर उभे राहून समजावणारा प्राध्यापक आपण विसरतो.

तिसरी एक खिडकी आहे, ती स्थानिक कौन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर सुरू करण्यापूर्वी किमान २८ दिवस कौन्सिलकडे नोंद करावी लागते. त्याला फी नाही आणि नोंद नाकारली जात नाही. पण न करता धंदा चालविणे हा गुन्हा. मुलीला हे ठाऊकच नव्हते. तिने उशिरा का होईना स्वतःहून नोंद केली. तपासणीला बाई आल्या, फ्रीजची थंडाई पाहिली, हात धुण्याची जागा पाहिली, आणि विचारले, ॲलर्जीची माहिती गिऱ्हाइकांना कशी देता? तिथे असे १४ पदार्थ ठरलेले आहेत की ते अन्नात असतील तर गिऱ्हाइकाला सांगावेच लागते. आपल्या स्वयंपाकात त्यातले निम्मे सापडतील. शेंगदाण्याचे कूट, तीळ, मोहरी, गहू, दूध. आणि हिंग! डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा नुसत्या वरणालाही 'गहू आहे' असे सांगावे लागते. मुलीने आता प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायला सुरुवात केली आहे. शिवाय भाड्याचे घर, त्यामुळे घरमालकाची लेखी संमती घेतली.

कुणी म्हणेल, नऊ डब्यांसाठी केवढा हा जाच. तर ऐका. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जिथे विद्यार्थिदशेत १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. तरीही राहत्या घराचे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलची परवानगी हवी होती आणि ती घेतलेली नव्हती. मागाहून केलेला अर्ज २०१८ मध्ये कौन्सिलने फेटाळला. शासनाला अपील करावे लागले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि मार्च २०२० मध्ये कुठे मंजुरी मिळाली. एका राज्याच्या सरकारला जर तिथे रांगेत उभे राहावे लागले, तर आपल्या लेकीने रांग चुकवून कसे चालेल?

सल्ला कुणाचा घ्यावा, याविषयी एक इशारा देतो. तिथे 'अकाउंटंट' ही पाटी कुणीही लावू शकतो, त्यासाठी परवाना लागत नाही. २०१८ च्या प्रकरणात कित्येकांना अशाच पाट्यांनी बुडविले, आणि विवरणावर सही मात्र माणसाची स्वतःची होती. व्हिसाच्या सल्ल्याचे तसे नाही. पात्र वकील किंवा सरकारी नियामकाकडे नोंदलेला सल्लागार यांनीच तो द्यावा, बाकी कुणी दिला तर तो गुन्हा ठरतो. जानेवारी २०२५ पासून त्या नियामकाचे नाव 'इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी' आहे. आपल्याच गावचा, आपल्याच विहारात येणारा असला तरी नोंदणी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कराच्या बाबतीत अल्प उत्पन्नवाल्यांना मोफत मदत करणारी 'टॅक्सएड' ही धर्मादाय संस्था आहे. आणि उत्पन्न कमी आहे म्हणून सरकारी भत्त्याचा अर्ज कुणाच्या सांगण्यावरून भरू नका. तात्पुरत्या व्हिसावरील बहुतेकांना तो घेण्यास मनाई असते.

आता इकडची बाजू थोडक्यात. मुलगी आईला दरमहा काही रुपये पाठविते. ताईंची भीती होती की ते आपल्या नावावर उत्पन्न धरले जाईल. मुलीने आई-वडिलांना दिलेल्या पैशावर आपल्याकडे आयकर नाही. मात्र त्याची मुदत ठेव केली तर व्याज हे ताईंचे उत्पन्न, ते मोजावे लागेल. मुलीने वर्षभर परदेशात राहून तिथे मिळविलेल्या पैशावर इथे कर नाही. परंतु तिचे लग्नापूर्वीचे इथले बचत खाते तसेच साधे चालू होते. परदेशी वास्तव्य झाले की ते बँकेला कळवून एनआरओ खात्यात बदलून घ्यायचे असते. त्यातील व्याज तिने तिकडेही विचारात घ्यावे लागते. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९३ चा करार आहे, त्यामुळे एकाच उत्पन्नावर दोनदा बोजा पडू नये अशी सोय आहे, पण ती मागावी लागते.

३ ऑक्टोबरला, म्हणजे आम्ही दीक्षाभूमीवरून परतलो त्याच दिवशी, मुलीची नोंद झाल्याचा निरोप आला. पुढे दहा आकडी करक्रमांक टपालाने आला. विवरण तिने जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भरले. भरताना एका रकान्यापाशी थांबून तिने फोन केला. नफा कमी असल्यामुळे नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी देणे तिला सक्तीचे नव्हते. स्वेच्छेने मात्र त्या वर्षासाठी आठवड्याला ३.४५ पौंड भरून तिथल्या सरकारी पेन्शनसाठी वर्ष मोजून घेता येत होते. पेन्शनला किमान दहा वर्षे लागतात. भरावे की नाही हे मी सांगितले नाही. तिथे किती वर्षे राहायचे ते त्या दोघांनी ठरवायचे. तिने भरले.

परवा ताई पुन्हा विहारात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, लेक विचारतेय, विहाराला दान देते ते त्या वहीत धरायचं का? आणि तिथं एक फॉर्म देतात, सही केली की सरकार विहाराला वर पैसे देतं म्हणे."

मी म्हटले, दान हा धंद्याचा खर्च नव्हे, ते घरच्या खर्चात. आणि तो 'गिफ्ट एड'चा फॉर्म तिने भरू नये. ज्याने पुरेसा कर भरला आहे त्यानेच त्यावर सही करायची असते. तिने केली तर ती रक्कम करखाते तिच्याकडून वसूल करील. जावईबापूंच्या पगारातून कर कापला जातो. दान त्यांनी आपल्या खात्यातून द्यावे आणि सही त्यांनी करावी.